काळी गाडी पुसू नका, धुवा

(हे या भागाचं लिहिलेलं रूप. बोलतानाचे अडखळे आणि मध्येच दोनदा वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी बसमध्ये ऐकत असेल, कुणी जिममध्ये, आणि कुणीतरी नक्कीच द्वारका सर्कलला अडकून समोरच्या रिक्षाकडे बघत बसलं असेल. बसा निवांत. तुम्ही तिथून सुटेपर्यंत आपलं बोलणं होऊन जाईल.

आजचा विषय गाडीचा आहे. मायलेज नाही, टॉर्क नाही, सनरूफ तर नाहीच नाही. विषय आहे गाडी धुण्याचा. तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो, "भाऊ, काळी गाडी घ्यायचीय, पण सगळे म्हणतात ठेवायला अवघड. घेऊ का नको?"

उत्तर दोन वाक्यांत देतो. घ्या. आणि रोज पुसू नका.

पण नुसतं एवढं सांगून कुणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं. त्यामुळे आधी माझीच फजिती सांगतो.

आमच्या बोनेटवरचं जाळं

पप्पांनी सगळी नोकरी अंबडला केली, आणि सगळी मोटारसायकलवर केली. ऊन, पाऊस, रात्रपाळी, सगळं दुचाकीवर. रिटायर झाले त्या वर्षी दसऱ्याला आमच्या घरात पहिली चारचाकी आली. आईला पांढरी हवी होती, मला लाल. पप्पा म्हणाले, "काळी. आमच्या मोठ्या साहेबांची काळी होती." विषय संपला.

तसं नाशिकला काळ्या गाडीचं वेड नवीन नाही. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली ती आपल्या सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून. थारसुद्धा इथेच बनते. लग्नाचा हॉल असो नाहीतर एखाद्या नेत्याचं ऑफिस, बाहेर एक काळी स्कॉर्पिओ उभी असतेच. काळी गाडी म्हणजे रुबाब, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय.

तर पप्पा रोज सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी, खाली जायचे. हातात पिवळं फडकं. काचा, बोनेट, ड्रायव्हरच्या बाजूची दारं, हेडलाइट. दहा मिनिटं. गाडी बाहेर काढायची असो वा नसो, रोज. मी गॅलरीतून बघायचो. आई म्हणायची, "देवपूजेला एवढा वेळ देत नाहीत."

मे महिन्यात एका रात्री पेट्रोल पंपावर थांबलो. वर पांढरेशुभ्र एलईडी. पैसे देऊन वळलो आणि बोनेटकडे लक्ष गेलं. दिव्याचं जे प्रतिबिंब पडलं होतं त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा. एक नाही, दोन नाही, हजारो. आठ महिन्यांची गाडी!

माझ्या डोक्यात एकच नाव आलं, आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे काका. ते आठवड्यातून तीन दिवस आमची गाडी धुवायचे. सकाळी पार्किंगमध्येच गाठलं आणि चार लोकांसमोर बोललो, "काका, गाडीची पार वाट लावली तुम्ही. उद्यापासून हात लावू नका." काका काही बोलले नाहीत. बादली उचलली आणि शेजारच्या गाडीकडे गेले. महिन्याचे त्यांचे पाचशे रुपये गेले.

पप्पा बाजूलाच उभे होते. हातात पिवळं फडकं. तेही काही बोलले नाहीत.

आता चूक कुणाची होती हे कळायला आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते कळायला हवं. दोनच मिनिटं, शाळेसारखं वाटेल, पण ऐका.

रंगाच्या वरचा पापुद्रा

गाडीचा पत्रा, त्यावर गंज लागू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपण हात फिरवतो तेव्हा रंगाला हात लागतच नाही, तो या पारदर्शक थराला लागतो. चमक त्याची, आणि ओरखडेही त्यालाच.

हा थर किती जाड? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी आहे.

मग काळ्या गाडीचा हा थर कच्चा असतो का? नाही. पांढऱ्या गाडीवरही असाच थर असतो, आणि तिलाही तेवढेच चरे पडतात. फरक एवढाच की चरा पडला की त्याच्या कडेवरून उजेड इकडेतिकडे फाकतो आणि रेष पांढरट चमकते. पांढऱ्यावर पांढरी रेष कुणाला दिसणार? काळ्यावर ती ओरडून सांगते, मी इथे आहे. फळ्यावरच्या खडूसारखं.

आणि त्या रेषा गोल का दिसतात? आपण गोल गोल पुसतो म्हणूनच असं नाही. रेषा सगळ्या दिशांना असतात. पण एखाद्या दिव्याचा उजेड पडला की त्याच्याभोवती आडव्या जाणाऱ्या रेषाच नेमक्या चमकतात, आणि डोळ्यांना जाळं दिसतं. म्हणून दिवसा ढगाळ हवेत गाडी नवीकोरी दिसते आणि रात्री पंपावर रडवते. तुमच्या गाडीचं बघायचं असेल तर अंधारात बोनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. मन घट्ट करून धरा.

धूळ म्हणजे दगड

आता नाशिकची धूळ. आपण तिला मऊ समजतो, पावडरीसारखी. पण ती आहे काय? आपल्याकडचा डोंगर म्हणजे काळा पाषाण, बसाल्ट. पांडवलेणी ज्यात कोरली तो. काळाराम मंदिर ज्याचं बांधलंय तो. हाच दगड खडी क्रशरमध्ये भरडला जातो, रस्त्यात जातो, काँक्रीटमध्ये जातो आणि चाकाखाली पुन्हा भरडून हवेत येतो. त्यातले कण सुरीच्या पात्याला टक्कर देतील इतके कडक असतात. वाळूतली गारगोटी तर काचेलाही चरा पाडते. आणि त्यांच्यासमोर आपला क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच.

त्यात सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं. इकडे खोदलंय, तिकडे काँक्रीट चाललंय. सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी राखेत लोळून आल्यासारखी.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. बोनेटवर दगडाची बारीक पूड पसरलीय. आपण त्यावर कोरडं फडकं ठेवतो, वरून दाबतो आणि घासतो. याला सुतारकामात काय म्हणतात? पॉलिश पेपर मारणं! फडकं कितीही मऊ असू द्या, ओरखडा फडक्यानं पडत नाही. फडक्यात अडकलेल्या कणानं पडतो.

धूळ नुसती बसून असेल तर रंगाचं काही बिघडवत नाही. ती बिघडवते आपण तिला हलवतो तेव्हा. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी आजचा भाग वसूल.

माझा एक मित्र दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग. त्याला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशी सांगतात." द्राक्षाच्या मण्यावर पांढरट, पिठासारखा नैसर्गिक मेणाचा थर असतो. माल ताजा आहे हे गिऱ्हाईक त्यावरूनच ओळखतं. म्हणून घड देठाला धरून उचलायचा, मण्याला बोट लावायचं नाही. एकदा पुसला गेला की तो थर परत येत नाही. मित्र म्हणाला, "घडाला हात न लावता आम्ही टनावारी माल काढतो. तुम्हाला एक गाडी जमत नाही?"

मग ओरखडे कुणी पाडले?

एका रविवारी मी टॉर्च घेऊन सगळी गाडी तपासली. बोनेटवर जाळं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन्ही दारांवर जाळं. पण टपाच्या मधोमध? जवळजवळ साफ. आणि डावी बाजू, जी भिंतीला चिकटून उभी असते, तीही बऱ्यापैकी साफ.

काका टपही धुवायचे. भिंतीच्या फटीत शिरून डावी बाजूही धुवायचे. टपाच्या मधोमध हात न पोचणारं आणि भिंतीच्या फटीत गुडघ्यांमुळे न शिरणारं आमच्याकडे एकच माणूस होतं. पप्पा.

म्हणजे ज्या हातांनी रोज मायेनं पुसली, त्यांनीच. शिवाय शनिवार-रविवारी मीही बाहेर निघताना डस्टर मारायचोच की. काकांच्या बादलीचा वाटा नव्हता असं नाही, त्यावर येतोच. पण मोठा वाटा आमच्या घरचा होता, आणि बोलणी खाल्ली काकांनी.

या सवयी आजच सोडा

पहिली, कोरडं फडकं. पिवळं, लाल, मायक्रोफायबर, काहीही. धुळीच्या गाडीवर कोरडं पुसणं बंद. निघायची घाई आहे आणि गाडी धुळीची आहे? काचा आणि आरसे ओले करून पुसा, नंबर प्लेट पुसा आणि निघा. धुळीची गाडी चालवणं हा काही गुन्हा नाही.

दुसरी, लांब दांड्याचं झुपकेदार डस्टर. ते धूळ उचलतं कमी आणि फिरवतं जास्त. आज पुसलेल्या धुळीचे कण त्यातच राहतात आणि उद्या पुन्हा गाडीवर येतात.

तिसरी, दव पुसणं. ही खास आपल्यासाठी. थंडीत, निफाडकडे तर विचारूच नका, सकाळी गाडी दवानं भिजलेली असते. वाटतं, वा, आयतंच पाणी, हात फिरवू. पण दवाचं पाणी असतं चिमूटभर आणि धूळ असते रात्रभराची. दोन्ही मिळून होते बारीक लगदा, भांडी घासायच्या पावडरीसारखा. भुरभुर पावसाचंही तेच. पाऊस येऊन गेला म्हणजे गाडी धुतली गेली असं नसतं.

चौथी, धुळीच्या गाडीवर कव्हर. वारा सुटला की कव्हर हलतं आणि आतल्या आत पॉलिश पेपर चालू. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच.

पाचवी, बोटानं नाव लिहिणं. सोसायटीतली पोरं मागच्या काचेवर लिहितात ना, "आता तरी धुवा". काचेवर एक वेळ चालेल, पण डिकीवर नको. धुतल्यावर धूळ जाते, अक्षरं राहतात. आमच्याकडे एकाच्या गाडीवर बदाम आणि इंग्रजी एस अजून आहे. त्याच्या बायकोचं नाव एसवरून नाही. असो.

आता धुवायची कशी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि पुसायला एक मोठा जाडसर मायक्रोफायबर टॉवेल. चाकांसाठी वेगळं फडकं, आणि ते कायम चाकांचंच.

कपडे धुवायची पावडर नको. तिचे न विरघळलेले कण घासले जातात. भांड्यांचा साबणही नको. तो तेलकटपणा काढायला बनवलेला आहे, त्यामुळे गाडीवर मेणाचं पॉलिश असेल तर तेही उतरवतो.

गाडी सावलीत उभी करा. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. काळी गाडी उन्हात जास्त तापते, पाणी पडल्या पडल्या सुकतं आणि डाग सोडतं. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, हीच वेळ.

पहिली पायरी, हात न लावता नुसतं पाणी. वरून खाली. टप, काचा, बोनेट, दारं, शेवटी चाकांच्या वरची कमान. जेवढी धूळ पाण्यानं जाईल तेवढी जाऊ द्या. सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि घाईत आपण नेमकी हीच गाळतो.

दुसरी पायरी, दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळखळून घ्या, पिळा, मगच पुन्हा शॅम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी नंतर बघा, काळी वाळू बसलेली असते. एकच बादली असती तर तीच वाळू तुम्ही परत गाडीवर घासली असती.

हात सरळ रेषेत फिरवा आणि दाबू नका. वरून खाली या. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त खडे तिथे असतात. आणि मोजा खाली पडला तर? पाच सेकंदांचा नियम इथे नाही. सरळ बाजूला ठेवा, घरी जाऊन नीट धुवा. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून पुन्हा गाडीला लावणं, एवढी एकच गोष्ट सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

तिसरी पायरी, पुन्हा साधं पाणी. चौथी, टॉवेल. टॉवेल पसरून ठेवा आणि हलकेच ओढा किंवा टिपून घ्या. घासायचं नाही. आपण लहान बाळाचं अंग टिपतो तसं.

टॉवेल आणि मोजा घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकू नका, बाकी कपड्यांचं सुत त्यात अडकतं. सॉफ्टनरही नको. वेगळे धुवा, सावलीत वाळवा, पिशवीत ठेवा.

एवढं सगळं किती वेळा? दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरे. खरंच पुरे.

पाण्याचं काय?

तुम्ही म्हणाल, भाऊ, एप्रिल-मेमध्ये आम्हाला प्यायला पाणी नाही आणि तू गाडीवर ओततोयस. बरोबर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लावला होता. आपल्यालाही ही वेळ येऊ शकते.

साधी नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते. दहा मिनिटं चालू ठेवली तर शंभर-दीडशे लिटर. त्यापेक्षा नाशिकचा उपाय सांगतो, फवारणी पंप. पाच लिटरचा हातानं हवा भरायचा पंप कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो, बॅटरीवाला मोठा सोळा लिटरचा मिळतो. पाणी बारीक धारेनं आणि जोरात येतं, धूळ सुटते आणि अख्खी गाडी तीन-चार बादल्यांत होते. फक्त एक, पंप नवीन घ्या. बागेत औषध मारलेला पंप घरी आणून गाडीवर मारू नका. तो कितीही धुतला तरी आत काय राहिलंय सांगता येत नाही, आणि प्रश्न फक्त रंगाचा नाही, तुमच्या हातांचाही आहे.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी सुकलं की पांढरे ठिपके उरतात, काळ्यावर तर चांदण्या पडल्यासारखे. म्हणून बोअरचं पाणी वापरलं तर गाडी आपोआप सुकू देऊ नका, लगेच टिपा. ताजे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून, कापडानं ओलं करून काढता येतात, वरून पुन्हा साधं पाणी. जुने झाले की मात्र पॉलिशशिवाय जात नाहीत.

आपलं वर्ष, आपले डाग

दसऱ्यापासून सुरू करतो. गाडीची पूजा करायचीच, त्याला ना नाही. पण झेंडूचा हार बोनेटवर तारेनं बांधू नका, सुती दोऱ्यानं बांधा. आणि तोच हार वाळून कुरकुरीत होईपर्यंत महिनाभर ठेवून हायवेला जाऊ नका. वाऱ्यात तो हजार वेळा रंगावर आपटतो. आमच्या गाडीवर पहिली खूण हाराच्या तारेचीच होती, आणि हार बांधला होता मीच. कुंकवाचं स्वस्तिक बोटानं हलकेच काढा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओतून काढा, खरवडून नाही.

रंगपंचमी. आपल्याकडे रहाडी, पेशवेकाळापासूनची परंपरा, आणि जुन्या नाशिकात त्या दिवशी गाडी लावणं म्हणजे तिलाही रहाडीत ढकलणं. गाडी लांब लावा. कोरडा रंग उडाला तर झटकू नका, भरपूर पाण्यानं वाहून जाऊ द्या.

उन्हाळ्यात पक्ष्यांची विष्ठा. त्यात आम्ल असतं आणि तापलेल्या रंगावर ते एका दुपारीतही खूण करू शकतं. दिसली की टिश्यू ओला करून वर ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग उचलून घ्या. पुसायचं नाही, उचलायचं. गाडीत एक पाण्याची बाटली आणि टिश्यू कायम ठेवा. जांभळं पिकायच्या दिवसांत झाडाखाली गाडी लावली तर काय होतं हे ज्याचं झालंय त्यालाच माहीत.

पावसाळ्यात कसारा घाटातून, इगतपुरीहून आलात की दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर चिखल असतो. वाळला तरी नखानं खरवडू नका. आधी ओला करा, दहा मिनिटं भिजू द्या, मग पाण्याची धार मारा.

कोटिंग करू का?

हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न. मेणाचं पॉलिश काही आठवडे-महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पाणी आणि चिखल पटकन निसटतात, धुणं सोपं होतं. पण ते अतिशय पातळ असतं. दुकानात सांगतात "नऊ एच हार्डनेस", तो पेन्सिलनं घेतलेल्या चाचणीचा आकडा आहे, हिऱ्याचा नाही. कोटिंग केलं म्हणून कोरडं फडकं मारायचं लायसन्स मिळत नाही. पीपीएफ म्हणजे खरीखुरी जाड प्लास्टिकची फिल्म, बारीक चरे आणि उडणारे खडे ती स्वतःवर घेते. पण पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या घरात जातो. फक्त बोनेट आणि पुढच्या बंपरला लावणं हा मधला मार्ग.

आणि पडलेलं जाळं काढायचं असेल तर? मशीननं पॉलिश करून जातं. पण जातं म्हणजे काय, तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून सपाट करतात. केसाहून पातळ थरातून दर वेळी थोडा थोडा कमी. म्हणून "दर सहा महिन्यांनी रबिंग करून घ्या" असं कुणी सांगितलं तर हात जोडा. चऱ्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशनं जाणारही नाही. नख अडकत नसेल तर एकदा, चांगल्या माणसाकडून करून घ्या आणि त्यानंतर सवय बदला. सवय तीच ठेवून पॉलिश करणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

काका

आता राहिलेलं सांगतो.

मी काकांकडे गेलो. सॉरी म्हणायला एक महिना लागला, हे कबूल करतो. म्हटलं, "काका, चूक माझी होती." ते म्हणाले, "असू द्या दादा." मग मी विचारलं की एकाच बादलीत किती गाड्या करता? तेव्हा ते बोलले. "साडेसातच्या आत चौदा गाड्या करायच्या असतात. पाणी बदलायला खालचा नळ होता, तो सोसायटीनं बंद केला. आता वॉचमनच्या टाकीतून दोन बादल्या मिळतात. आणि फडकी कुणी देत नाही, घरचीच आणतो."

दोन बादल्यांत चौदा गाड्या. आणि आम्ही सगळे वर गॅलरीत उभे राहून म्हणणार, रोज हात फिरला पाहिजे, पाचशे रुपये देतो.

मंडळी, इथे मला कळलं की ओरखडा फडक्यानं पडला नव्हता, तो आमच्या हट्टानं पडला होता. रोज चकाचक दिसली पाहिजे हा हट्ट. काकांना रोज पुसायला आम्हीच लावत होतो, आणि नीट धुवायला लागणारं पाणी आम्हीच बंद केलं होतं.

सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला. थोडी वादावादी झाली, ती होतेच. शेवटी ठरलं ते असं. खालचा नळ सकाळी दोन तास उघडा. प्रत्येकानं आपल्या गाडीचा मोजा आणि टॉवेल स्वतः द्यायचा, पिशवीवर फ्लॅट नंबर लिहून. रोज पुसायचं नाही, प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा नीट धुवायची, दोन बादल्यांत. आणि पैसे तेवढेच. हा शेवटचा मुद्दा मान्य करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "काम कमी, मग पैसे कमी का नाही?" असं दोघा-तिघांनी विचारलं. एका मावशींनी उत्तर दिलं, "काम कमी नाही हो, काम चांगलं." आता रोज सकाळी काकांच्या वाट्याला दोनच गाड्या येतात, आणि त्या मनासारख्या होतात.

पाणी रोजच्या पुसण्याला लागायचं त्याहून फार जास्त लागत नाही, हे टाकी बघणाऱ्या वॉचमननंच सांगितलं.

आमच्या बोनेटचं एकदाच पॉलिश केलं. सगळे चरे गेले नाहीत, खोल होते ते राहिलेत. राहू देत.

आणि पप्पा? त्यांचं फडकं काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. मी त्यांना फवारणी पंप आणून दिला. आता दर रविवारी आम्ही दोघं खाली जातो. पाणी मारायचं काम त्यांचं, मोजा माझा, टॉवेल पुन्हा त्यांचा. बाकीचे सहा दिवस ते साडेसहाला खाली जातात, गाडीभोवती एक फेरी मारतात, हात पाठीमागे बांधून. धूळ बघतात आणि वर येऊन चहा पितात. सुरुवातीला त्यांचे हात शिवशिवायचे. आता नाही.

तर ज्यांना काळी घ्यायचीय, घ्या. फक्त घरातल्या पिवळ्या फडक्याला आधीच दुसरं काम शोधून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर तुमच्याकडे गाडी धुणारे जे कोणी काका, दादा, मावशी असतील, त्यांना एकदा विचारा, पाणी कुठून घेता?

काय उत्तर मिळालं ते मला मेसेज करून नक्की सांगा. द्वारका सर्कलवाले, सुटलात का? नसेल तर मागचा भाग ऐका. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, गाडी हळू चालवा.